दोन ठोक्यांमधला आवाज

मुमताजने सगळी तयारी नीट केली होती. पंखा बंद केला, फ्रीजचा प्लग काढला. खिडकीवर आतून रजई टांगली आणि तिच्या कडा कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पडद्याच्या दोरीला अडकवल्या. भंगारवाल्याचा टेम्पो आपली टेप वाजवत गल्लीतून पार निघून जाईपर्यंत ती थांबली. समोरच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या होऊ दिल्या. जिन्यावरची कबुतरं झाडूने हुसकावली. मग कपाट उघडून, साड्यांच्या घड्यांकडे तोंड करून ती खुर्चीवर बसली. कपड्यांकडे तोंड करून बोललं की आवाज घुमत नाही, हे तिला तिच्या दिराने, एहसानने सांगितलं होतं. घर इतकं शांत झालं होतं की आपल्या बांगड्या वाजतील याचीच तिला भीती वाटली. त्याही तिने काढून ठेवल्या आणि मोबाइल सुरू करून वाचायला लागली.

दुसऱ्या दिवशी सांगवीहून कुसुमताईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका. दृष्टिहीन मुलांसाठी पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून देणारं एक छोटं मंडळ त्या चालवत होत्या. मुमताजच्या बचत गटातल्या एकीने त्यांचा निरोप फिरवला होता, वाचायला माणसं हवी आहेत म्हणून.

"मुमताज, आवाज फार गोड आहे गं तुझा," कुसुमताई म्हणाल्या. त्या सगळ्यांनाच अगं-तुगं करत. "पण मागे ते काय वाजतंय?"

"कुठं काय?"

"ते गं. धाड, धाड."

"नाही हो ताई. एकदम शांत होतं. फ्रीजसुद्धा बंद केला होता मी."

"अगं, आत्तासुद्धा वाजतंय! फोनमध्ये ऐकू येतंय मला. घर पाडतायत का शेजारी?"

मुमताजने फोन कानापासून दूर धरला आणि लक्ष देऊन ऐकलं. थोडा वेळ काहीच नव्हतं. मग हळूहळू, अंधारात नजर सरावल्यावर कोपऱ्यातली वस्तू दिसायला लागावी तसा, तो तिला ऐकू आला. पायाखालच्या फरशीतून येत होता. भिंतीतून येत होता. फडताळातल्या कपबशा त्याने बारीक थरथरत होत्या. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून तो तिथेच होता.

खाली प्रेस चालू होती.

चिखलीच्या त्या गल्लीत खाली शेड आणि वर घर अशीच सगळी रचना आहे. कुणाच्या खाली लेथ, कुणाच्या खाली वेल्डिंग, कुणाच्या खाली पावडर कोटिंगची भट्टी. मुमताजच्या नवऱ्याच्या, चांदभाईच्या शेडमध्ये एक पॉवर प्रेस होती. पत्र्याची पट्टी साच्याखाली सरकवायची, पायाने पायडल दाबायचं, वरून लोखंड कोसळायचं आणि एक तुकडा तयार होऊन खाली पडायचा. ते तुकडे चाकणला जात. तिथल्या एका कारखान्याला माल देणाऱ्याला माल देणाऱ्याकडे. पुढे ते कुठल्या गाडीत कुठे बसत, हे चांदभाईला कधी कळलं नाही आणि त्याने कधी विचारलंही नाही. त्याच्या जोडीला खंडू होता. खंडू मूळ चिखलीचा, गावकीतला. जमीन विकली गेली, वाटे झाले, आणि नुसतं घरी बसून डोकं फिरायला लागलं म्हणून तो प्रेसवर येऊ लागला, तो येतच राहिला.

मुमताज राजगुरुनगरची. मराठी शाळेत शिकलेली. वर्गात धडा वाचायचा असला की बाई तिला उभं करत, आणि ती वाचायला लागली की मागच्या बाकावरची दंगा करणारी मुलंसुद्धा गप्प होत. ती वाचत असताना शाळेच्या खिडकीतून एकदा पोस्टमन ऐकत उभा राहिला होता. तिच्या आयुष्यातली ही एवढीच प्रसिद्धी. पुढे लग्न झालं आणि ती प्रेसवरच्या घरात आली. इथे बोलायचं म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये बोलायचं. मोठ्याने, थोडक्यात. 'जेवायला', ठोका, 'वाढलंय'. चांदभाईचा एक कान तसाही अर्धा गेलेला. लाडाने काही बोलायचं तरी ओरडून बोलावं लागे आणि ओरडून बोललेला लाड हा भांडणासारखाच ऐकू येतो. हळूहळू लाडच कमी झाला.

तिचे वडील गेले तेव्हा राजगुरुनगरहून भावाचा फोन आला होता. तो म्हणाला, "अब्बा," आणि खाली ठोका पडला, आणि मग तो म्हणाला, "गेले." त्या एका ठोक्यापुरते वडील जिवंत होते. तेवढी जागा तिच्या मनात अजून तशीच होती. तिथे कुणी गेलेलं नव्हतं, कुणी आलेलंही नव्हतं.

कुसुमताईंकडचं पुस्तक लहान मुलांच्या गोष्टींचं होतं. अख्खं पुस्तक एकाच आवाजात हवं होतं. पहिली गोष्ट नमुना म्हणून वाचून द्यायची. पसंत पडली तर सगळं पुस्तक तिचं. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ते मुलांपर्यंत पोचायला हवं होतं आणि औंधमधली दुसरी एक बाई वाचायला तयारच होती. कुसुमताईंनी हे लपवलं नाही. "तो आवाज काढून टाकता आला तर बघ," त्या म्हणाल्या. "नाहीतर मला त्यांना सांगावं लागेल."

मुमताजने हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग ती बराच वेळ रजई लावलेल्या खिडकीकडे बघत बसली. तिला ते पुस्तक हवं होतं. किती हवं होतं हे तिला त्याच क्षणी कळलं आणि थोडं लाजल्यासारखंही झालं, कारण या वयात, मुलीचं लग्न झाल्यावर, आपल्याला काहीतरी इतकं हवंसं वाटेल असं तिने धरलेलंच नव्हतं.

एहसानचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान कोपऱ्यावर होतं. दुकानाच्या मागच्या बाजूला, प्लायवूडच्या आडोशाआड, त्याचा दुसरा धंदा चालायचा. बैलगाडा शर्यतीतल्या बैलांवर मालक हौसेने गाणी करून घेत, ती तो साफ करायचा. हळदीची गाणी, रमजानमध्ये म्हणायची नात-गीतं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची भाषणं. लोक मोबाइलवर रेकॉर्ड करून आणत आणि मागचा कुत्रा, ट्रॅक्टर, सासूबाई काढून मागत.

"भाभी, बसा," तो म्हणाला आणि तिचं रेकॉर्डिंग पडद्यावर लावलं. "हे बघा, ही तुम्ही." काळ्या पडद्यावर निळसर ढगांसारखं काही पसरलं होतं. "आणि हा आपला भाई." ढगांच्या मध्ये मध्ये, वरपासून खालपर्यंत, पांढऱ्या सळया उभ्या होत्या. ठोके.

"एवढे?"

"एवढे. आणि खाली ही पट्टी दिसते का, सलग? ही मोटारची गुणगुण. ही काढणं सोपं. जिथे फक्त गुणगुणच आहे असा एक तुकडा निवडायचा आणि मशिनला दाखवायचा, की हा चोर, ओळखून ठेव. मग सगळीकडून ते त्याला हुडकून काढतं."

"मग जास्त काढ ना. सगळंच काढ."

"जास्त घासलं तर भांड्याची कल्हई निघते, भाभी. तुम्ही विहिरीतून बोलल्यासारख्या वाटाल." त्याने कानाला हेडफोन लावले आणि कामाला लागला. गुणगुण गेली. मग तो एकेका सळईवर गेला आणि ती हाताने पुसू लागला. थोड्या वेळाने हसायला लागला. "अजब आहे. भाभी, एकसुद्धा ठोका तुमच्या शब्दावर पडलेला नाही. सगळे बरोब्बर मधल्या जागेत. अशी गिऱ्हाइकं मिळाली तर मी संध्याकाळी घरी जाईन, घरी!"

"मग?"

"मग काय, झालं. ऐका."

त्याने हेडफोन तिच्या कानाला लावले. मुमताजने स्वतःचा आवाज ऐकला. मागे काहीच नव्हतं. तिला वाटलं होतं आवाज म्हातारा झाला असेल, ओरडून ओरडून फाटला असेल. तसं नव्हतं. राजगुरुनगरच्या वर्गात उभी राहणारी मुलगी अजून त्यात कुठेतरी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि एहसानने मुकाट्याने समोरच्या उघड्या मोबाइलच्या पोटात स्क्रू शोधायला सुरुवात केली.

रेकॉर्डिंग पाठवल्यावर कुसुमताईंनी तिला सांगवीला बोलावलं. ती बसने गेली. नदीकाठच्या एका सोसायटीत तळमजल्यावर त्यांचं घर होतं आणि आतली एक खोली वाचनासाठी केलेली होती; भिंतींना जाड सतरंज्या लावलेल्या. तिथे एक तरुण बसला होता. अजिंक्य. जन्मापासून न दिसणारा. मंडळाचं प्रत्येक पुस्तक मुलांकडे जाण्याआधी त्याच्या कानाखालून जायचं.

त्याने आधी तिचं वाचन दुप्पट वेगाने लावलं. त्याची सवयच ती. मुमताजला आपण कुणाशी तरी कडाकडा भांडतोय असं वाटलं.

"अहो, हे काय?" ती म्हणाली.

"सॉरी ताई. परीक्षेची पुस्तकं ऐकून ऐकून खोड लागलीय. लहान मुलं मात्र सावकाश ऐकतात." त्याने वेग कमी केला. तिचा आवाज खोलीत आला: "शेळी टेकडीवर चढली आणि." मग काहीच नाही. मग, "मागे वळून बघू लागली. खाली तिचं." काहीच नाही. "घर दिसत होतं."

अजिंक्यने थांबवलं. त्याने मान थोडी तिरकी केली.

"ताई, एक विचारू? रागावू नका. तुम्ही वाचताना मध्येच कुणाची वाट बघता?"

"वाट?"

"हो. 'आणि' म्हणता आणि थांबता. कुणीतरी दार वाजवतंय आणि ते वाजवून होईपर्यंत तुम्ही थांबलाय, असं. मग पुन्हा सुरू. दर थोड्या वेळाने. आवाज सुंदर आहे हो. पण माझं सगळं लक्ष त्या दारावरच्या माणसाकडे जातंय."

कुसुमताई घाईने म्हणाल्या, "इथे वाच ना. या खोलीत. इथे काही वाजत नाही."

मुमताज सतरंज्यांच्या मध्ये बसली. अशी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. तिला स्वतःचं गिळणं ऐकू येत होतं. तिने वाचायला सुरुवात केली आणि 'आणि'वर येऊन थांबली. ठोका पडला नाही. पडेल म्हणून ती आणखी थोडं थांबली. मग घाबरून पुढे पळाली, दोन वाक्यं एकात घातली, पुन्हा थांबली. खाली जमीन नसलेल्या पायरीवर पाय टाकावा तसं होत होतं. शेवटी तिने पुस्तक मिटलं.

"नाही होत, ताई."

"घाई नाही," कुसुमताई म्हणाल्या, पण त्या अजिंक्यच्या दिशेने बघत होत्या. "या आठवड्यात आणखी एकदा बघ. नाहीतर मग—"

"औंधच्या बाई," मुमताज म्हणाली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. बायका बोलत होत्या, पोरं बोलत होती, कंडक्टर बोलत होता. ती ऐकत होती की ही माणसं कुठे थांबतात. ती श्वास संपला की थांबत होती. हसू आलं की थांबत होती. एक बाई नुसतीच थांबली, खिडकीबाहेर बघून. आपण यांच्यासारखं कधीच थांबलो नाही, असं तिला वाटलं. आपलं थांबणं दुसऱ्याच कुणाच्या मालकीचं होतं. चिखलीला उतरल्यावर गल्लीतून चालताना तिने पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं. लेथवाला त्याच्या बायकोशी बोलत होता. भट्टीवाला फोनवर बोलत होता. सगळे तसेच बोलत होते. अर्धं वाक्य, जागा, अर्धं वाक्य. अख्खी गल्ली कुणाची तरी वाट बघत बोलत होती.

एहसानने त्या जागा कापून बघितल्या. "जागा उडवतो आणि तुकडे चिकटवतो, त्यात काय!" पण ते ऐकल्यावर त्याने स्वतःच हेडफोन काढून ठेवले. प्रत्येक जागेच्या आधी तिचा आवाज थोडा खाली बसत होता आणि नंतर जोराने वर उठत होता. मधली जागा काढली की खाली बसलेला आवाज एकदम उडी मारायचा. कपड्याला दिसणारी टीप घालावी तसा प्रत्येक जोड उठून दिसत होता.

"आवाज साफ करता येतो, भाभी," तो म्हणाला. "सवय कशी साफ करू?"

तिने चांदभाईला काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? तुमच्या प्रेसने माझं वाचन खाल्लं? तिच्यावरच तर घर उभं होतं. पण एहसानला भावापासून काही लपवता यायचं नाही, आणि बुधवारी रात्री जेवताना चांदभाई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "क्या हुआ? सांगवीवाली बाई नको म्हणाली?"

"नाही म्हणाली नाही. म्हणेल."

"मशीनमुळे?"

"मशीनमुळे नाही. माझ्यामुळे."

"म्हणजे मशीनमुळेच." तो जेवत राहिला. त्याच्या हाताची बोटं सगळी शाबूत होती. या धंद्यात ही मोठी गोष्ट होती आणि त्याला त्याचा अभिमान होता. "उद्या गुरुवार आहे. उद्या वाच."

गुरुवारी या पट्ट्यात वीज नसते. कारखान्यांना, शेडना, सगळ्यांनाच सुट्टी. रविवारी राबणारी माणसं गुरुवारी झोपतात. त्या दिवशी गल्ली अशी पडून राहते की भटकी कुत्रीसुद्धा जरा गोंधळल्यासारखी हिंडतात.

"गुरुवारचा काय उपयोग?" मुमताज म्हणाली. "सांगवीला तर काहीच वाजत नव्हतं. तरी मी थांबतच होते. ठोका पडला नाही तरी थांबत होते."

चांदभाई पाणी प्यायला. मग विचारलं, "ठोका कोण पाडतं?"

"मशीन."

"मशीन नाही पाडत. मशीनचं चाक नुसतं फिरत असतं. ठोका मी पाडतो. नाहीतर खंडू पाडतो. पट्टी पूर्ण सरकली, नीट बसली, की मग पाय द्यायचा. अर्ध्या पट्टीवर पाय दिला की तुकडा वाया. तू वर इतकी वर्षं समजतेस, की ठोका आपोआप पडतो आणि आपण त्याच्यातून वाट काढायची."

"मग काय करू? तुम्हाला खाली येऊन विचारू, आता बोलू का म्हणून?"

"विचारायचं होतंस एकदा," तो म्हणाला आणि त्याने ताट सरकवलं. त्यात टोमणा होता की दुसरं काही, हे तिला कळलं नाही.

गुरुवारी सकाळी लाईट गेली. फ्रीज आपोआप बंद झाला, पंखा आपोआप बंद झाला. मुमताज कपाटासमोर खुर्ची घेऊन बसली. चांदभाई आंघोळ करून आला, त्याने घोंगडीची जाड घडी जमिनीवर टाकली आणि तिच्या समोर, कपाटाच्या दाराला टेकून बसला. एक पाय घोंगडीवर ठेवला.

"हे काय?" ती म्हणाली.

"पायडल."

तिला हसूच फुटलं. "वेडे झालात का?"

"वाच. मला तुझं पुस्तक कळो न कळो. पट्टी बसली की मला कळतं."

तिने मोबाइल सुरू केला. "शेळी टेकडीवर चढली आणि," ती म्हणाली आणि थांबली, आणि सवयीने तिचे डोळे वर गेले. चांदभाईचा पाय हलला नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, पत्र्याच्या पट्टीकडे बघावं तसा, डोळे बारीक करून. पट्टी अर्धीच सरकली होती. त्याने मान हलवली: पुढे. "मागे वळून बघू लागली," ती म्हणाली. त्याचा पाय घोंगडीवर दाबला गेला. आवाज झाला नाही. तिच्या छातीत मात्र कुठेतरी ठोका पडला आणि ती थांबली, आणि हे थांबणं वाक्याच्या शेवटी होतं.

पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला तो चुकत होता, कधी उशिरा पाय द्यायचा आणि ती पुढचं वाक्य तोंडात धरून बसायची. एकदा तिने स्वल्पविरामावर श्वास घेतला आणि त्याने घाईने पाय दिला. मग दोघंही एकमेकांवर चिडले. "अर्ध्या पट्टीवर दिलात!" ती म्हणाली. "तूच ढिली सोडलीस," तो म्हणाला. पण मग जमायला लागलं. गोष्ट पुढे सरकली. शेळी टेकडीपलीकडे गेली, वाट चुकली, संध्याकाळ झाली, कुणीतरी लांबून तिला नावाने हाक मारली. मुमताजचे डोळे आता पुस्तकातच होते. चांदभाईचा पाय तिला डोळ्यांच्या कडेने दिसत होता, आणि मग तिने तिकडे बघणंही सोडून दिलं. ती वाचत गेली. ओरडायचं नव्हतं. आवाज खाली आणता येत होता. शेळी घाबरली तिथे तो अगदी कुजबुजीवर नेता आला. ती शेवटच्या ओळीवर आली तेव्हा तिने वर पाहिलं. चांदभाईचा पाय घोंगडीवर नुसताच पडला होता. तो उचलायचं त्याने केव्हाच थांबवलं होतं. तो चांगला कान तिच्या बाजूला करून, तोंड किंचित उघडं ठेवून, ऐकत होता.

तिने रेकॉर्डिंग बंद केलं.

"मग ती शेळी कुणाची होती?" त्याने विचारलं.

"ऐकलंत ना आत्ता!"

"ऐकलं. पुन्हा सांग."

एहसानने ते रेकॉर्डिंग घेतलं तेव्हा त्याला करायला फारसं काही राहिलं नव्हतं. एका कबुतराची फडफड काढली. लांबून आलेला एका रिक्षाचा हॉर्न काढला. "भाभी, माझा धंदा बसवणार तुम्ही," म्हणाला आणि पाठवून दिलं.

मग वाट बघणं. शुक्रवारी सकाळपासून खाली प्रेस सुरू झाली. मुमताजने भाजी निवडली, ती तशीच ठेवली, कपडे धुतले, वाळत घातले, चिमटे लावायला विसरली. ठोका आता तिला सारखा ऐकू येत होता. एकदा ऐकू आलेली गोष्ट पुन्हा न ऐकू येणारी करता येत नाही, असं तिला वाटत होतं. तिला त्याचा रागही येत नव्हता. खाली कुणीतरी पट्टी सरकवतं, ती बसते, मग पाय देतं. हे तिला आता दिसल्यासारखं व्हायचं.

दुपारी फोन वाजला. अजिंक्य होता.

"ताई, बोलायला वेळ आहे का? मागे वाजतंय म्हणून विचारलं."

"बोला ना."

"तो दारावरचा माणूस गेला."

मुमताजने फोन कानाशी घट्ट धरला.

"खरंच गेला. मी दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा कामाचं म्हणून नाही, असंच ऐकलं. शेळी घाबरते, तुम्ही कुजबुजता तिथे मी मोबाइल जवळ ओढला. फक्त एक आहे. गोष्टीच्या मध्यावर, संध्याकाळ होते ना तिथे, कुणालातरी भूक लागलीय."

"भूक?"

"पोट वाजतंय कुणाचं तरी. तुमचं नाही, जरा लांब बसलेलं आहे. पुरुषाचं असावं."

मुमताज हसत खालीच बसली, ओट्याला टेकून. त्या दिवशी सकाळी चांदभाई न्याहारी न करताच बसला होता. ती हसत राहिली आणि हसता हसता तिला रडूही आलं, आणि कित्येक दिवस खांद्यांवर कुणीतरी ठेवलेलं ओझं उतरवून घेतल्यासारखे तिचे खांदे खाली आले.

"तेवढं काढून टाकायला सांगा तुमच्या दिरांना," अजिंक्य म्हणाला. "थांबा, कुसुमताईंना बोलायचंय."

कुसुमताई लांबूनच बोलायला लागल्या होत्या. "मुमताज, पुस्तक तुझं गं. अख्खं. औंधच्या बाईंना मी कळवलं, त्यांना कवितांचं दिलं. तू आता गुरुवारचे गुरुवार बस. आणि ऐक, त्या पोटवाल्याला आधी खायला घाल."

फोन ठेवून ती जिना उतरून खाली गेली. शेडमध्ये तेलाचा वास होता. खंडू तुकडे पोत्यात भरत होता. चांदभाई प्रेसवर होता, पाठमोरा, पट्टी सरकवत, पाय देत. ती त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्याने तिच्याकडे बघितलं.

"त्यांनी," ती म्हणाली आणि सवयीने थांबली.

ठोका पडला नाही. चांदभाईने पट्टी सरकवून ठेवली होती, ती साच्यात नीट बसली होती, पण पाय त्याने पायडलच्या वर तसाच धरून ठेवला होता. चाक नुसतं फिरत होतं.

"त्यांनी पुस्तक मला दिलं," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की ओरडायची गरज नाही, आणि आवाज खाली आणून ती पुढे बोलली, "सगळं दिलं. आणि तुमचं पोट वाजलेलं त्या मुलाला ऐकू आलं. आणि दर गुरुवारी बसायचंय, तुम्हाला वेळ असेल तर. नसला तरी चालेल, मला आता जमेल बहुतेक. पण असला तर बरं."

त्याचा पाय अजून हवेत होता.

खंडूने पोतं खाली टाकलं आणि काळजीने बघितलं. "चांदभाई, काय झालं? पायात गोळा आला व्हय?"

"न्हाई रे," चांदभाई त्याच्याच बोलीत म्हणाला. "तिचं बोलून व्हायचं हाय अजून."